नवा रग्ड फोन: पहिले चार्जिंग, योग्य चार्जर आणि जॅकवरचे झाकण

आपण वाघोलीजवळच्या एका बांधकामावर पर्यवेक्षक आहात, गेल्या आठवड्यात १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे माप) बॅटरीचा रग्ड, म्हणजे धक्के, धूळ आणि पाणी सोसणारा फोन घेतला आहे आणि आपण तीन प्रश्न विचारले आहेत. दुकानदार म्हणतो त्याप्रमाणे नवा फोन बंद ठेवून सलग बारा तास चार्ज करायला हवा का? घरातल्या जुन्या चार्जरने फोन पूर्ण भरायला पाच तास लागतात, तर त्यात दोष आहे का? आणि जाहिरातीत दाखवतात तसा तो नळाखाली धुतला तर चालेल का? मी बावीस वर्षे बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीचे काम करतो, आणि गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर येणाऱ्या रग्ड फोनांची संख्या बरीच वाढली आहे. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिसऱ्याचे उत्तर ‘कधीतरी, काळजीपूर्वक’ असे आहे, आणि खरे महत्त्व त्या तिसऱ्या प्रश्नालाच आहे.

बारा तासांचा सल्ला निकेल-कॅडमिअम बॅटऱ्यांच्या काळात योग्य होता. त्या बॅटऱ्या दुकानात पडून राहिल्या की आपोआप उतरत, पहिल्या खेपेला त्या सावकाश पूर्ण भराव्या लागत, आणि अर्धवट उतरलेली बॅटरी वारंवार चार्ज केली तर तिची क्षमताच घटल्यासारखी होई. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथिअम-आयन बॅटरीला ही खोड नाही, आणि आपल्या फोनात तीच किंवा तिचा लिथिअम-पॉलिमर हा प्रकार आहे. बॅटरी भरली की फोनमधले नियंत्रक सर्किट प्रवाह तोडते, त्यामुळे उरलेले तास चार्जर लावून ठेवल्याने बॅटरीत काहीही जास्तीचे भरले जात नाही.

खोक्यातून काढताना फोन ४८ टक्के चार्ज होता, म्हणून तो कोणीतरी वापरून परत केलेला असावा अशी शंका आपण व्यक्त केली आहे. ती शंका मनातून काढून टाकावी. लिथिअम बॅटरी पूर्ण भरलेली असण्यापेक्षा साधारण अर्धी भरलेली असताना सावकाश जुनी होते, म्हणून कारखान्यातून ती मुद्दामच अर्धवट भरून पाठवतात. पहिल्या दिवशी फोन चालू ठेवून चार्जरला लावावा आणि १०० टक्के झाला की काढावा, एवढे पुरेसे आहे. त्यानंतर एकदा तो १५ टक्क्यांपर्यंत उतरू द्यावा आणि पुन्हा पूर्ण भरावा. हे बॅटरीसाठी करायचे नसून पडद्यावरच्या टक्क्यांसाठी करायचे आहे, कारण टक्के दाखवणारी यंत्रणा अंदाजावर चालते आणि तिला या बॅटरीचा तळ आणि माथा एकदा पाहावा लागतो. पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा असे केले तरी चालते. शून्यापर्यंत उतरवून फोन बंद पाडण्याची मात्र कधीही गरज नाही.

आता पाच तासांचा हिशेब. बॅटरीच्या एमएएचला तिच्या सरासरी विद्युतदाबाने, म्हणजे सुमारे ३.८५ व्होल्टने गुणले आणि १,००० ने भागले की तिची ऊर्जा वॅट-तासांत मिळते. आपल्या फोनची ३८.५ वॅट-तास होते. घरातल्या जुन्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर’ असे छापलेले असेल, म्हणजे तो १० वॅटचा आहे. ३८.५ ला १० ने भागले तर नुसत्या भागाकारानेच जवळजवळ चार तास होतात. त्यात उष्णतेत जाणारी ऊर्जा मिळवावी, आणि सुमारे ८० टक्क्यांनंतर फोन स्वतःच प्रवाह कमी करत नेतो, तोही वेळ मिळवावा. पाच तास अगदी बरोबर येतात. आपल्या फोनात दोष नाही. ५,००० एमएएचच्या जुन्या फोनला हाच चार्जर अडीच तासांत भरत होता म्हणून आपल्याला फरक जाणवला.

फोनच्या पुस्तिकेत १८ किंवा ३३ वॅटचा उल्लेख असेल तर त्या क्षमतेचा चार्जर घेतल्यास वेळ बराच कमी होईल, पण वॅटचा आकडा जुळणे पुरेसे नसते. वेगवान चार्जिंगमध्ये चार्जर आणि फोन आधी आपसांत विद्युतदाब ठरवतात, आणि त्यासाठी दोघांची बोलण्याची पद्धत एकच असावी लागते. एखाद्या कंपनीचा ६५ वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला आणि पद्धत जुळली नाही तर तो निमूटपणे ५ व्होल्टवर येतो. फोनला अपाय होत नाही. फक्त पैसे वाया जातात. म्हणून पुस्तिकेत ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, ही अशीच एक पद्धत) लिहिले असेल तर पीडीचाच चार्जर मागावा. तपकीर गल्लीतून किंवा आणखी कोठूनही घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तिथेच उभ्या उभ्या टाकून बघावा. खूण नुसती छापता येते. क्रमांक टाकल्यावर भलत्याच कंपनीचे नाव आले तर चार्जर परत द्यावा.

केबलविषयी थोडे थांबून सांगतो, कारण याच एका गोष्टीमुळे नवे कोरे रग्ड फोन ‘चार्जच होत नाही’ म्हणून माझ्याकडे येतात. या फोनांची बाहेरची कड जाड असते आणि चार्जिंगचा जॅक अनेकदा त्या कडेच्या आत खोलवर बसवलेला असतो. अशा मॉडेलच्या खोक्यात येणाऱ्या केबलचे टोक नेहमीच्या टाइप-सी केबलपेक्षा लांब असते. साधी केबल लावली तर ती अर्धवटच आत जाते. चार्जिंगची खूण दिसते, हात लागला की जाते, आणि माणूस केबल वाकडी करून, खाली पुठ्ठा लावून काम भागवतो. टाइप-सी जॅकच्या मध्यभागी जी पातळ जीभ असते तिची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते, आणि अशा तिरक्या ताणाने ती काही आठवड्यांत सैल होते. आपली मूळ केबल आणि घरातली केबल शेजारी ठेवून टोकांची लांबी पाहावी. मूळ केबलचे टोक लांब असेल तर ती जपून ठेवावी, आणि दुसरी घेताना लांब टोकाचीच मागावी.

आता पाण्याकडे वळू. आपल्या फोनवर आयपी६८ आणि आयपी६९के असे, धूळ आणि पाणी किती अडते ते सांगणारे, दोन्ही शिक्के आहेत. यातला पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीला आणि वेळेला, फोन टिकेल. ती खोली आणि वेळ पुस्तिकेत दिलेली असते आणि ती कंपनीगणिक बदलते. ६९के म्हणजे सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्याचा जोराचा फवारा सहन करण्याची चाचणी. या चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात आणि सगळी झाकणे घट्ट बसवून होतात. साबणाचे पाणी, रंगपंचमीचा रंग किंवा सिमेंटचा राडा त्यांत येत नाही. याखेरीज, आयपी६८ असूनही पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे खरेदीच्या वेळी फारसे कोणी सांगत नाही.

खोक्यावरचे ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणी-प्रमाणक आहे. त्यातली पडण्याची नेहमीची चाचणी म्हणजे चार फुटांवरून सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे अशा सव्वीस तऱ्हांनी वस्तू पाडणे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी निवडते. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून फोन खाली पडला तर हा शिक्का काही करू शकत नाही.

फोन धुवायचा झाल्यास साध्या नळाच्या संथ धारेखाली, सर्व झाकणे अंगठ्याने कडेकडेने दाबून खात्री केल्यावरच धुवावा. उन्हात तापलेला फोन थंड पाण्यात कधीही बुडवू नये, कारण आतली गरम हवा एकदम आकसते आणि कुठे सील कमकुवत असेल तर पाणी आत ओढून घेते. हवा आत-बाहेर करण्यासाठी अशा फोनांत एक सूक्ष्म छिद्र आणि त्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड सुमारे १,३१२ मीटरवर. गडावर चढताना बदलणारा हवेचा दाब फोन याच छिद्रातून जुळवून घेतो. स्पीकर आणि माइकच्या छिद्रांमागेही असेच पडदे असतात. त्यांत सिमची पिन, टाचणी किंवा दातकोरणे घालू नये. आवाज दबका येतो म्हणून माइकचे छिद्र टोकरून पडदा फाडलेले कितीतरी फोन मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांत मूळ तक्रार फक्त ओलाव्याची होती. दोन तास सुकू दिले असते तर आवाज आपोआप मोकळा झाला असता.

मात्र पाण्याने जे फोन खरोखर मरतात ते पाण्यात असताना नव्हे, तर नंतर चार्जरला लावल्यावर. गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका कारखान्यातले गृहस्थ आपला सहा महिन्यांचा रग्ड फोन घेऊन आले. बाहेरून एक ओरखडा नव्हता. जॅकवरचे रबरी झाकण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला जी बारीक उंचवट्याची कड असते, तिच्यावर एका कोपऱ्यात राखाडी धुळीची केसाएवढी रेघ दिसली. तेवढ्याच फटीतून ओल आत गेली होती. जॅकच्या जिभेवर वीज आणणाऱ्या पिना हिरवट काळ्या पडल्या होत्या आणि शेजारच्या पिना लखलखीत होत्या. याचा अर्थ असा की ओल्या जॅकला चार्जर लागला, ५ व्होल्टचा प्रवाह पाण्यातून वाहिला आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा जाऊन धातू खाल्ला गेला. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरली तर हा धोका अधिक, कारण अशा केबलच्या टोकाला फोन जोडलेला असो वा नसो, ५ व्होल्ट सतत हजर असतात. दोन्ही टोके टाइप-सी असतील तर चार्जर निदान फोन जोडला गेल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो. त्या गृहस्थांच्या फोनचा जॅकचा छोटा बोर्ड मी बदलून दिला आणि नवा गमही लावला. परंतु एकदा उघडलेला फोन पूर्वीइतकाच जलरोधक राहील अशी हमी मी देत नाही, आणि कोणी दिली तर आपणही तिच्यावर विसंबू नये.

आपल्या साइटवर याहून वाईट घडू शकते. सिमेंटची धूळ आणि ओल जॅकमध्ये एकत्र आली की तिथे अक्षरशः सिमेंट धरते, आणि ते टोकरून काढताना जीभ तुटते. म्हणून साइटवर असताना जॅकचे झाकण उघडूच नये. १०,००० एमएएचचा फोन सकाळी भरलेला असेल तर दिवसभर उघडण्याची गरजही पडणार नाही. घरी आल्यावर आधी झाकण बंद ठेवूनच फोन ओल्या फडक्याने पुसावा, मग कोरड्या फडक्याने, विशेषतः झाकणाभोवतीची खाच. त्यानंतर कोरड्या हातांनी झाकण उघडावे, फोन जॅक खाली करून तळहातावर हलकेच आपटावा, झाकणाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवावे आणि मगच केबल लावावी. चार्जिंग संपल्यावर झाकण आधी बिजागरीच्या बाजूने आणि मग उरलेल्या कडेने दाबावे. नुसते मधोमध दाबले तर कोपरा उचललेला राहतो, आणि नेमका तो कोपरा डोळ्यांना दिसत नाही.

फोनने जॅकमध्ये ओलावा असल्याची सूचना दाखवली तर ती खरी मानावी. पंख्याखाली, जॅक खाली करून फोन ठेवावा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देऊ नये, त्याने सीलचा गम मऊ होतो. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये, कारण तांदळाचा भुसा जॅकमध्ये जातो आणि ओल काही जात नाही. घाई असेल आणि आपल्या मॉडेलमध्ये बिनतारी चार्जिंग किंवा पाठीवरच्या पितळी ठिपक्यांचा डॉक (फोन ज्यावर ठेवून चार्ज करतात ती बैठक) असेल, तर पाठ कोरडी पुसून तो वापरावा. रोज साइटवर काम करणाऱ्या माणसाने अशी सोय असलेलेच मॉडेल घ्यावे असे माझे मत आहे, कारण त्यामुळे झाकण रोज उघडावे लागत नाही आणि रबर कितीतरी अधिक काळ टिकते.

पाण्यानंतर काळजी घ्यायची ती उष्णतेची. बॅटरी साधारण ४५ अंशांपलीकडे गेली की बहुतेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० च्या आसपास जातो, पत्र्याच्या साइट ऑफिसात त्याहून वर, आणि जाड रबरी अंगामुळे रग्ड फोनमधली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. चार्जिंग रात्री किंवा पहाटे, फरशीवर किंवा लाकडी टेबलावर करावे; गादीवर, उशीखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर करू नये. रात्रभर लावून ठेवल्याने फोन पेट घेईल अशी भीती चांगल्या चार्जरबाबत बाळगण्याचे कारण नाही, परंतु १०० टक्क्यांवर तासन्‌तास गरम राहणे बॅटरीला मानवत नाही. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती चालू करावी. साइटवर चार्ज करावेच लागले तर जनरेटरवरच्या सैल प्लगला फोन लावण्याऐवजी खिशातली पॉवर बँक बरी, तीही कोरड्या जागी बसून वापरलेली. आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा.

आषाढी वारीला निघालेल्या पालख्या ज्येष्ठ वद्यात पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा अनेक मंडळे वारकऱ्यांसाठी चार्जिंगचे बोर्ड लावतात. ही सेवा मोलाची आहे. तिथे मोठ्या बॅटरीच्या फोनधारकाने एवढे लक्षात ठेवावे की साध्या १० वॅटच्या चार्जरवर तासाभरात जेमतेम २० टक्के भर पडते, आणि केबल मात्र स्वतःचीच न्यावी.

सिम घालण्याचे आणि फोन लावण्याचे काम यापुढे सोपे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सर्वप्रथम *#०६# दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि केवायएम ही इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवून फोन खरा असल्याची खात्री करावी. फोन बंद करून सिम घालावे. पाठीवरचे झाकण स्क्रूंचे असेल तर खोक्यातलाच पेचकस वापरावा, आणि बसवताना एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असे न करता समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळावेत, म्हणजे आतले रबर सर्व बाजूंनी सारखे दबेल. झाकण लावण्यापूर्वी त्या रबरावर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. बॅटरी काढता येणारी असेल तर तिच्या टोकांवरची पातळ पट्टी काढायला विसरू नये. माइक आणि कानाच्या छिद्रांवर प्रवासातली फिल्म राहून जाते, तीही काढावी.

नंतर घरच्या वायफायवर, चार्जर लावलेला असतानाच, सर्व अपडेट घ्यावेत; या कामात फोन गरम होतो, ते स्वाभाविक आहे. बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी एक लांब कॉल करून दोन्हीकडचा आवाज तपासावा. हातमोज्यांचा मोड सुरू करून पाहावा. बाजूची जादा कळ आणीबाणीच्या कॉलसाठी ठेवणार असाल तर ती लांब दाबल्यावरच ११२ लागेल असे ठरवावे, नाहीतर खिशातल्या मोजपट्टीने कळ दाबली जाऊन नको तेव्हा कॉल जातात. साइटच्या हजेरीचे अ‍ॅप मागे बंद पडू नये म्हणून त्याला बॅटरी-बचतीतून वगळावे. सिमला पिन लावली तर ती लिहून ठेवावी. तीनदा चुकली की सिम पुन्हा उघडणारा आठ अंकी पीयूके क्रमांक लागतो.

बॅटरीविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. दीड-दोन वर्षांनी पाठीचे झाकण किंचित उचललेले दिसले, किंवा सपाट टेबलावर फोन डुलू लागला, तर बॅटरी फुगली असे समजावे. अशा वेळी ती दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, चार्ज करू नये आणि टोचू तर मुळीच नये. झाकणाखाली फट पडल्यामुळे त्या क्षणापासून फोनची जलरोधकताही संपलेली असते, म्हणून पाणी टाळून तो सरळ दुरुस्तीला आणावा.

जॅकवरचे रबरी झाकण हा या फोनचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी झिजणारा भाग आहे. रोज उघडल्याने वर्ष-दीड वर्षात त्याची बिजागरी चिरते, आणि तोपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेले असते. मग फोन धडधाकट असूनही झाकण मिळत नाही आणि लोक तिथे चिकटपट्टी लावून साइटवर जातात. आपण आताच, मॉडेल नवे असताना, कंपनीच्या सेवा केंद्रातून अशी दोन झाकणे मागवून बिलाच्या पाकिटात ठेवावीत.